खुर्ची कोणाला, खाडा कोणाचा?

नियमाने डायलिसिस करणारा माणूस आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडतो. म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या. विचुंब्यात राहिल्यामुळे मला या आकड्याचे वजन कळते. इथून मुंबईतले एखादे स्वस्त केंद्र गाठायचे, तर पनवेल स्टेशनपर्यंत रिक्षा, मग हार्बर लोकल, कुर्ल्याला गाडी बदलून दादर. यंत्रावर चार तास, आणि त्यानंतर गळून गेलेल्या अंगाने हाच प्रवास उलटा. त्यामुळे सोबत घरचे कुणीतरी लागतेच. डायलिसिसचा इतिहास मी वाचायला घेतला तो या सोबतच्या माणसाला शोधत.

सुरुवातीला त्याची गरजच नव्हती. नेदरलँड्समधल्या कांपेन गावी १९४३ साली विलेम कोल्फ यांनी पहिल्यांदा कृत्रिम किडनी माणसावर वापरली. सॉसेजचे वेष्टन म्हणून वापरात असलेल्या सेलोफेनच्या नळीतून त्यांनी रक्त फिरवले. पण तो तात्पुरता आधार होता, किडनी सावरेपर्यंतचा. १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत टेफ्लॉनची नळी कायमची बसवली, आणि किडनी पूर्ण निकामी झालेली माणसेही वर्षानुवर्षे जगू लागली. खरा पेच तिथे सुरू झाला. उपचार आता जन्माचा होता आणि खुर्च्या मोजक्या. १९६२च्या सुमारास ती खुर्ची कोणाला द्यायची हे तिथल्या सामान्य नागरिकांची एक समिती ठरवू लागली. नोकरी, लग्न, मुले, चर्चशी असलेला संबंध, सगळे पाहून. त्यावर गदारोळ झाला. पुढे १९७२च्या कायद्याने अमेरिकी सरकारने जवळपास सर्वच रुग्णांचा खर्च उचलला.

आपल्याकडे अशी समिती बसली नाही. निवड पैशाने केली. जयप्रकाश नारायण आणीबाणीत स्थानबद्ध असताना त्यांची किडनी निकामी झाली. नोव्हेंबर १९७५मध्ये सुटका झाल्यावर ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले आणि १९७९मध्ये जाईपर्यंत डायलिसिसवर राहिले. त्यांच्या यंत्रासाठी लोकवर्गणी सुरू झाली, तेव्हा इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदतनिधीतून ९० हजार रुपये पाठवले. जेपींनी ते परत केले. ही गोष्ट आपण स्वाभिमानाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. जेपींसारख्या माणसालाही यंत्र मिळायचे ते वर्गणीतून किंवा मदतनिधीतून. हक्क म्हणून मागावे असे तिसरे दारच नव्हते. इतरांनी दागिने, जमीन, उसनवारी असे मार्ग काढले. प्रभादेवीचा सिद्धिविनायक न्यास, लालबागचा राजा मंडळ यांची स्वस्त डायलिसिस केंद्रे याच पोकळीत उभी राहिली.

तिसरे दार उघडले ते जुलै २०१२मध्ये. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत आमचा रायगड होता. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड दाखवायचे. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, मर्यादा पाच लाखांवर गेली आणि कार्डाच्या रंगाची अटही सुटली. २०१६च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. देशात दरवर्षी २.२ लाख नव्या रुग्णांची भर, एका वेळेचा खर्च सुमारे दोन हजार, वर्षाचा तीन लाखांवर, असा त्यांचा हिशेब होता. लांबचा प्रवास आणि बुडणारी मजुरी यांचाही उल्लेख त्या भाषणात होता. मी शोधत होतो तो सोबतचा माणूस अखेर सरकारी कागदावर आला.

पण योजनेत तो शिरला नाही. जीवनदायीच्या पॅकेजमध्ये रुग्णाला घरी परतण्यासाठी एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरले होते, तेही एकवेळचे. शस्त्रक्रियेसाठी हे ठीक आहे. डायलिसिसमध्ये ‘एकवेळ’ असे काही नसतेच. आणि सोबत्याचा खाडा तर कुठल्याच पॅकेजमध्ये नाही. मग तीनऐवजी दोनच फेऱ्या होतात. उपचार फुकट असतो, पण तो घ्यायला जाणे परवडत नाही.

थायलंडने २००८मध्ये वेगळी वाट धरली होती. तिथल्या सार्वत्रिक आरोग्य योजनेत पोटातून होणाऱ्या डायलिसिसला अग्रक्रम दिला, ज्यात द्रवाच्या पिशव्या घरीच बदलता येतात. त्यात जंतुसंसर्गाची जोखीम असते, घर स्वच्छ लागते, आणि २०२२मध्ये थायलंडनेही निवड रुग्णावर सोपवली. म्हणून ती वाट जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही. पण माणसाला यंत्राकडे नेण्याऐवजी उपचार माणसाकडे नेता येतो का, हा प्रश्न तिथे धोरणाच्या पातळीवर विचारला गेला. आपल्या तालुक्यात एक खुर्ची वाढली की किती जणांचा किती दिवसांचा रोजगार वाचतो, हा हिशेब मांडायला फार मोठे अर्थशास्त्र लागत नाही. १५६ला दोनने गुणले की सुरुवात होते.