नारायण वामन टिळक आणि मराठी चर्चमधला अभंग

मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही ज्यांची गीते सर्वाधिक प्रेमाने गातात, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात जन्मले. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचे काम करीत. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहाने भारतीय पाळकाच्या हातून. पत्नी लक्ष्मीबाईंना या धर्मांतराने असह्य यातना झाल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये बहुतेक गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि ती विलायती चालींवर म्हटली जात. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घावर. त्यामुळे भलतेच अक्षर ताणले जाई आणि अर्थ हरवे. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींत पदे रचून वाट मोकळी केली होती. त्या वाटेवर टिळकांनी अस्सल काव्य आणले. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग शेतकऱ्याच्या तोंडी आधीच बसलेला होता. तो गायला ऑर्गन लागत नाही, टाळ पुरतात, आणि अक्षरओळख नसलेली बाईही धृपद उचलते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. वारकऱ्याची आर्तता त्यांच्या रचनेत आहे ती यामुळेच. ख्रिस्त त्यांना माउली आणि सद्गुरू म्हणून दिसतो. ख्रिस्ती कीर्तनही त्यांनी रंगवले.

१९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अहमदनगर व राहुरी ही त्यांची कर्मभूमी. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. त्यांच्या ‘अभंगांजली’ या संग्रहातले बरेचसे अभंग याच नियतकालिकातून वाचकांपुढे आले. परकीय मिशनच्या चौकटीत ख्रिस्ती धर्म या मातीचा होणार नाही, अशी त्यांची खात्री होत गेली. म्हणून १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तिथे सारखेच स्थान होते. हे पाऊल त्यांच्या गीतांशी पूर्ण सुसंगत होते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’चे त्यांनी दहाच्या वर अध्याय लिहिले होते. उरलेले लक्ष्मीबाईंनी रचले आणि १९३८ मध्ये हे महाकाव्य प्रसिद्ध झाले. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. निकोल मॅक्निकॉल यांनी केलेल्या अनुवादांमुळे त्यांची काही गीते इंग्रजी मंडळ्यांतही गायली जातात.