शिवेचे राखणदार आणि नकाशातली रेघ

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत असताना आपल्या जमिनीच्या इतिहासाकडे वळावेसे आम्हांला वाटले. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आज कारखान्यांच्या भिंती दिसतात, तिथे पूर्वी गावांच्या शिवा होत्या. आणि शिव कुठून जाते हे ठाऊक असायचे आपल्या वाडवडिलांना. दोन गावांत हद्दीचा तंटा लागला की महाराची साक्ष काढीत. शिवेचा धोंडा कोणता, ओढा कुठे वळतो, सारे तोंडपाठ!

पुढे इंग्रजी अमदानीत १८३६ च्या सुमारास आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी मोजणी सुरू केली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब नि साखळीभर रुंद तो एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. हद्दीवर दगड रोवले, टिपणे लिहिली, नकाशे काढले, सर्व्हे नंबर पडले. तोंडी साक्षीची जागा कागदाने घेतली.

मग आपल्या हाडकी-हाडवळ्याचे काय झाले? वतनाची जमीन भावकीची सामाईक. बहुतेक ठिकाणी बाहेरची हद्द नकाशावर आली, आतले वाटे मात्र तोंडीच राहिले. साऱ्या गावाची शिव राखणाऱ्याच्या स्वतःच्या वाट्याला नकाशात रेघ नाही!

वतन म्हणजे तुटपुंज्या जमिनीपायी पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने. आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यावर जमीन वतनदाराला परत मिळे, पण नवीन शर्तीवर. मूळ कायद्याप्रमाणे कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नसे, आणि सरसनिरस वाटपही करता येत नसे. म्हणजे आत रेघ ओढायची तरी परवानगी हवी.

एवढ्यात इकडे उद्योग आले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, नंतर चाकणची वसाहत. जमिनीला सोन्याचे मोल आले. सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावे, नकाशात एकच गट. अशा वेळी कुणी एकाने सही केली तर बाकीच्यांनी आपला तुकडा दाखवायचा कुठे?

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. सातबारा जमीन कुणाची नि किती हे सांगतो. ती कुठे आहे हे नकाशा सांगतो. दोन्ही कागद काढा. गाव नकाशा, गट नकाशा, फेरफार आणि वतनाचा पुनर्प्रदानाचा हुकूम जुळवून पाहा. इतर हक्कांत ‘नवीन शर्त’ लिहिली आहे का, ते वाचा. मग भावकीने एकत्र बसून वाटपाची रीतसर परवानगी घ्यावी आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणीचा अर्ज द्यावा. मोजणीनंतर मिळणारी नकाशाची ‘क’ प्रत घरात जपून ठेवा. आणि मोजणीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना बांधावर न्या. आता मोजणी उपग्रहाच्या यंत्राने होते, पण जुना दगड कुठे पुरला आहे हे त्यांनाच आठवते.

वाडवडिलांनी दुसऱ्यांच्या शिवा राखल्या. आपल्या वाट्याची रेघ नकाशावर आणणे हे आता आपले काम आहे.