प्रवरेकाठच्या खुणा

गोदामात पोत्यावरच्या चिठ्ठीसमोर स्कॅनर धरला की माल कोणाचा, कधी आला, कुठल्या थप्पीत लावायचा हे क्षणात पडद्यावर उमटते. ही सोय काल-परवाची वाटते. पण अहिल्यानगर जिल्ह्यातून प्रवरेच्या काठाकाठाने आपण तिचा माग काढत गेलो, तर वाट चार हजार वर्षे मागे जाते.

श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला उत्तर हडप्पाकालीन थरांत भाजक्या मातीच्या, बटणाच्या आकाराच्या दोन मुद्रा मिळाल्या. त्यांवर सिंधू लिपीतली चिन्हे आहेत. अशा मुद्रा व्यापारात कशा वापरत, ते गुजरातेतल्या हडप्पाकालीन लोथलला दिसते. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांना तिथल्या वखारीत मातीचे ६५ ठसे सापडले. ठशाच्या दर्शनी बाजूला मुद्रेची नक्षी, तर पाठीवर दोरीचा पीळ, चटईची वीण, कापडाचा पोत. गाठोडे बांधायचे, गाठीवर ओली माती थापायची आणि तीत मुद्रा दाबायची. मग ठसा मोडल्याशिवाय गाठ सुटत नसे. हेच राव पुढे १९७४ साली दायमाबादच्या उत्खननासाठी प्रवरेकाठी आले.

नदीबरोबर आपण खाली नेवाशाला उतरू. १९५४ ते ५६ या काळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात तिथे रोमन कुंभांची खापरे निघाली. भूमध्य सागराकाठी अशा कुंभांच्या कानांवर बनवणाऱ्याचे शिक्के मारण्याची रीत होती. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या गाठोड्यांवर हृदयाच्या आकारात अक्षरे आणि माथ्यावर चारचा आकडा अशी खूण चालवली. मालाबरोबर मालक नसतो, म्हणून त्याच्या वतीने खुणेने बोलायचे, ही समजूत सगळीकडे सारखीच राहिली.

१९५० साली सहकारातले नेते विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि खुणेची गरज हजारपटीने वाढली. साखरेची पोती दिसायला एकसारखी. कारखान्याचे नाव, हंगाम आणि ‘एम-३०’ किंवा ‘एस-३०’ ही दाण्याची प्रत, एवढ्या छापावरच त्यांची ओळख. जुन्या हंगामाची साखर थप्पीच्या तळाशी राहिली तर ओल धरते, पिवळी पडते. म्हणून आधी आलेला माल आधी बाहेर काढावा लागतो आणि त्यासाठी तो कुठे आहे हे ठाऊक असावे लागते.

यंत्राला वाचता येईल अशी खूण त्याच सुमारास अमेरिकेत आकाराला येत होती. १९४९ मध्ये संशोधक नॉर्मन वुडलँड यांनी मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटांनी रेघा ओढल्या. मोर्स संकेतलिपीचे ठिपके आणि डॅश खाली ताणले की जाड-बारीक रेघा होतात, हे त्यांना तिथे सुचले. सहकारी बर्नार्ड सिल्व्हर यांच्यासह त्यांना १९५२ मध्ये या कल्पनेचे पेटंट मिळाले. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पुड्यावरचा बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला. राव दायमाबादला खणत होते, तेच हे साल. जपानच्या मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांसाठी क्यूआर कोड घडवला. रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या चिपमुळे तर खूण स्कॅनरसमोर धरण्याचीही गरज उरली नाही.

तरी लोथलच्या ठशाची पाठ विसरता येत नाही. त्या मातीत मालकाची खूण होतीच, शिवाय ज्या गाठीवर ती बसली तिचा पीळही होता. चिठ्ठीला असा पीळ नसतो. ती भलत्या पोत्यावर चिकटली तर यंत्र चुकीचेच नाव इमानाने सांगत राहते. म्हणून गोदामातली खरी मुद्रा आजही चिठ्ठी लावणाऱ्या हाताचीच असते.