उलट्या आट्यांची जीप

गेल्या दिवाळीच्या आधीचा शनिवार. पुण्याहून साताऱ्याला जाताना सुरूर फाट्याच्या आसपास काकांच्या जीपचं पुढचं डावं चाक बसलं. पंक्चरवाला शंभर पावलांवर होता, म्हणजे नशीब बरं म्हणायचं. पोरगं सोळा-सतरा वर्षांचं, अंगाने काटक. त्याने पाना लावला, जोर केला, नट हलेना. "जाम झालाय साहेब." मग पान्याला दोन हात लांब पाईप जोडला आणि त्याच्यासकट त्याचा भाऊही वर लटकला. टक्क! नट सुटला नाही, स्टडच तुटला.

मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो.

नट अजिबात जाम नव्हता. दोघं मिळून तो आणखी आवळत होते. या जीपच्या डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना उलटे आटे आहेत, म्हणजे नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' हे अक्षरही कोरलेलं आहे. पोराला ते माहीत असण्याचं कारणच नाही; त्याच्या जन्माआधीच अशा गाड्या रस्त्यावरून कमी झाल्या होत्या. मला मात्र माहीत असायला हवं होतं. काकांनी दोनदा तरी सांगितलं असेल. पण ते सांगायचे तेव्हा आपण मोबाईलमध्ये असतो. असो.

उरलेल्या चार नटांवर हळूहळू साताऱ्याला पोचलो. चाचांच्या गॅरेजमध्ये गाडी लावली, तर त्यांचा पहिला प्रश्न: "एल दिसला नाही होय तुला?"

उलटे आटे का, तर कारण साधं आहे. गाडी पुढे जाताना डावं चाक बाहेरून पाहिलं तर काट्याच्या उलट दिशेने फिरतं. सरळ आट्यांचा नट त्या फिरण्याने आपोआप ढिला पडू शकतो ही भीती, म्हणून त्या बाजूचे आटे उलटे. पुढे निमुळत्या तोंडाच्या नटांनी काम भागतं हे लक्षात आलं आणि बहुतेक मोटारींनी ही पद्धत सोडली. पण १९७४ साली मुंबईत बनलेल्या आमच्या सीजे ३ बी मध्ये ती आहे. १९४० साली अमेरिकेत कुणीतरी केलेली काळजी सुरूरच्या पोराला येऊन नडली. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात :)

तर तिथूनच सुरुवात करू. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. चारही चाकांना ताकद देणारी एक हलकी टेहळणी गाडी हवी, पहिला नमुना ४९ दिवसांत हवा, आणि वजन १३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो. या रिक्वायरमेंटवर दोनच कंपन्यांनी दाद दिली (शहाणे लोक गप्प बसले). त्यातली अमेरिकन बँटम ही पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, बुडायला आलेली छोटी कंपनी. तिच्याकडे धड इंजिनिअरसुद्धा नव्हता. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावून काही दिवसांतच आराखडे काढले गेले, आणि २३ सप्टेंबर १९४० ला पहिली गाडी बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड तळावर मुदतीला अर्धा तास उरला असताना पोचली. वजन अर्थातच १३०० पौंडात बसलं नव्हतं. ते कुणालाच जमलं नसतं, सैन्यालाही पुढे मर्यादा वाढवावी लागली.

इथे मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. ४९ दिवसांत सगळं स्वतः घडवणं शक्यच नव्हतं. मग बँटमने बाजारातून तयार भाग उचलले. इंजिन कॉन्टिनेंटलचं, गिअरबॉक्स वॉर्नरचा, अ‍ॅक्सल स्पायसरचे, तेही स्टुडबेकरच्या मोटारीच्या अ‍ॅक्सलवरून बेतलेले. म्हणजे गाडी म्हणजे एक अखंड वस्तू नव्हती. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून बोल्टांनी जोडलेले ते डबे होते. जे घाईने जोडलं ते सुटंही करता येतं! जीप दुरुस्तीला सोपी आहे याचं श्रेय लोक दूरदृष्टीला देतात. मला तरी त्यात डेडलाईनचा वाटा मोठा दिसतो.

बँटमला याचं फळ मिळालं नाही. सैन्याने तिचे आराखडे विलीज आणि फोर्डला दाखवले. विलीजचं इंजिन, बार्नी रूस यांनी सुधारलेलं, ६० हॉर्सपॉवरचं, सगळ्यात दमदार होतं, पण गाडी जड होती. रूस यांनी ती पूर्ण सुटी करून एकेका भागातून वजन काढलं, लांब बोल्टांची जास्तीची टोकंसुद्धा कापली. मग विलीजचं डिझाईन प्रमाण ठरलं, फोर्डलाही तेच बनवायला दिलं, आणि बँटमच्या वाट्याला जीपमागे ओढायचे ट्रेलर आले. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर गाड्या बनवल्या. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावरही 'एफ' कोरला, पण तो बोल्ट विलीजच्या गाडीत बिनदिक्कत बसायचा. सैन्याची अटच तशी होती.

याचा सगळ्यात सुंदर नमुना पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे. वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवायची तर मध्ये एक वाकणारा सांधा लागतो, आणि त्या काळी तो बनवणं अवघड होतं. एकटी कंपनी मागणी पुरवू शकत नव्हती. म्हणून त्याच अ‍ॅक्सलमध्ये चार प्रकारचे सांधे वापरले गेले: बेंडिक्स, झेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसर. आतली रचना चौघांची वेगळी, पण सांध्यासकट पूर्ण शाफ्ट काढला तर दुसऱ्या प्रकारचा शाफ्ट त्या जागी बसतो. इंटरफेस एक, इम्प्लिमेंटेशन्स चार. १९४० च्या दशकात!

पण गाडी दुरुस्त करता येण्याजोगी असणं एक आणि ती प्रत्यक्षात दुरुस्त होणं दुसरं. लाखो पोरांच्या हाती स्टिअरिंग दिलं होतं, आणि त्यातल्या अनेकांनी आधी गाडीला हातही लावला नव्हता. ग्रीस कुणी भरायचं, तेल कोण बघणार? १९४४ सालचं 'टीएम ९-८०३' हे सैन्याचं मॅन्युअल चित्रांसकट पायरीपायरीने सांगतं की चालवायच्या आधी काय पाहायचं, थांबल्यावर काय पाहायचं. पण मॅन्युअल कोण वाचतं? (तुम्ही वाचता?) मग सैन्याने कॉमिक्स काढली. 'आर्मी मोटर्स' नावाच्या मासिकात विल आयस्नर हे चित्रकार 'जो डोप' नावाचा एक धांदरट शिपाई काढायचे, जो देखभाल विसरतो आणि गाडीची वाट लावतो. हेच आयस्नर पुढे ग्राफिक नॉव्हेलचे आद्य प्रवर्तक म्हणून गाजले. आणि हे मासिक निघायचं कुठून, तर त्याच होलाबर्डमधून, जिथे पहिली जीप अर्धा तास आधी पोचली होती. चहा पीत स्टड तुटताना पाहणाऱ्या माणसाला या जो डोपबद्दल आपुलकी वाटणारच.

ही जीप आपल्याकडे आली त्या कंपनीची सुरुवात २ ऑक्टोबर १९४५ ची, तेव्हा नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं आणि १९४९ मध्ये माझगावला विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात झाली. सीजे ३ बी हे अमेरिकेतलं १९५३ चं मॉडेल. नव्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर नेल्याने ते उंच झालं, म्हणून बॉनेट उंच केलं. तिकडे हे मॉडेल १९६८ मध्ये बंद पडलं. आपल्याकडे ते पुढेही बनत राहिलं. परवाने आणि आयातबंदीच्या त्या काळाला नावं ठेवायला माझी ना नाही, आणि कंपनीलाही नवं काही करायची घाई नव्हती हे उघड आहे. पण एकच गाडी इतकी वर्षं बनत राहिल्यामुळे तिचा भाग नाना पेठेतल्या दुकानात आजही निघतो, आणि वाहनाचं नावही न विचारता दुकानदार नुसता हातातला जुना भाग बघून नवा काढून देतो.

मॅन्युअल मात्र आपल्याकडे गॅरेजपर्यंत पोचलं नाही. चाचा नववीत शाळा सोडून त्यांच्या उस्तादांकडे लागले, आणि उस्ताद सैन्याच्या वर्कशॉपमधून आलेले. म्हणजे 'टीएम ९-८०३' चाचांपर्यंत तोंडी आलंय.

स्टड बदलायला अर्धा तास लागला असता. पण मी सहज म्हटलं, "चाचा, हँडब्रेक पण धरत नाही घाटात. बूट बदलून टाका." ते गाडीखाली जाऊन आले आणि म्हणाले, "बूट नाही, तुझा ट्रान्सफर केस रडतोय."

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला एक ड्रम असतो, तो मागचा प्रोपेलर शाफ्टच धरून ठेवतो. ट्रान्सफर केसचं सील गेलं की तेल थेट त्या ड्रममध्ये. नवे बूट घातले असते तर महिन्याभरात तेही भिजले असते. मग ड्रम काढला, तेल सोडलं, खालचं झाकण उघडलं. मधला शाफ्ट मागून ठोकून काढला की त्यावरचा गिअर खालून हातात येतो, आणि त्याच्या आतल्या सुईसारख्या बारीक बेअरिंगा ओंजळीत सांडतात. शाफ्टवर बोट फिरवलं तर खाच लागली. सील जाण्याचं ते एक कारण नसेलही, पण गाडी लो गिअरमध्ये गुरगुरायची त्याचं उत्तर मिळालं.

त्या केसमध्ये एक छोटी गोष्ट पाहून मी खूश झालो. दोन लिव्हर असतात, एक पुढची चाकं जोडायला, दुसरा हाय-लोला. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडतच नाही, कारण दोन दांड्यांच्या मध्ये एक अडसर आहे. लो गिअरची सगळी ताकद एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येऊन तो मोडू नये म्हणून. युजरला मेसेज दाखवायचा नाही, चुकीचं इनपुट जाऊच द्यायचं नाही. (सुक्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर व्हील घालायची नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर जातात, आणि मध्ये डिफरन्शियल नसल्याने सगळा ताण गिअरांवर येतो. तिथे कुठलाही अडसर नाही.)

आता प्रश्न गाडीचं करायचं काय हा. काका जाऊन दोन वर्षं झाली. एका हौशी गृहस्थांनी चांगली किंमत देऊ केली आहे, पण ते नवं डिझेल इंजिन आणि रुंद टायर घालणार. दुसरा रस्ता २०२१ च्या नियमाचा: पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. तिसरा रस्ता म्हणजे दर पाच वर्षांनी आरटीओ आणि दर सहा महिन्यांनी चाचा. त्यातही चाचा यंदा म्हणाले, पाठ धरते, गाडीखाली झोपणं पुढच्या वर्षी बंद. त्यांचा मुलगा मोबाईलच्या दुकानात आहे.

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चालवणार असशील तर ठेव. पुसून ठेवायला मला वेळ नाही."

पुढच्या शनिवारी नाना पेठेतून शाफ्ट, सुया, पितळी वॉशर आणि सीलं घेऊन पुन्हा साताऱ्याला गेलो. या वेळी चाचा खुर्चीवर बसले आणि गाडीखाली मी. वॉशर एकदा उलटा बसला, परत सगळं उतरवलं. सुया ग्रीसने चिकटवून ठेवायच्या हे तिसऱ्या प्रयत्नानंतर सांगितलं त्यांनी, मुद्दामच, अशी माझी खात्री आहे. संध्याकाळी हँडब्रेक ओढून गाडी उतारावर सोडली. हलली नाही.

परतताना सुरूरला त्याच पोराकडे थांबलो. टायर ठीक होता, पण त्याला डाव्या चाकावरचा 'एल' दाखवला आणि नट कसा सुटतो ते त्यालाच करायला लावलं. त्याने दोनदा सोडून दोनदा आवळला. मग जीपच्या मागे लटकवलेल्या चाकाकडे बघून विचारलं, "मग स्टेपनी कुठल्या बाजूची?"

"आटे हबच्या स्टडला असतात, चाकाला नाही. ती कुठंही चालते."

"मग ठीके," तो म्हणाला आणि पान्याला जोडलेला पाईप उचलून बाजूला ठेवला.