उंबरठ्याबाहेरचा नायक



हल्ली कॉलेजात जाणाऱ्या मुली मोबाईलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. त्यांतल्या पुष्कळ कादंबऱ्यांचा नायक माणूस नसतो. कुणी शंभर वर्षांपूर्वी मेलेला आणि रात्री उठून रक्त पिणारा, ज्याला इंग्रजीत व्हॅम्पायर म्हणतात तो. कुणी लांडग्याचं रूप घेणारा, तर कुणी परीलोकातला राजा. नायिका मात्र तुमच्या-माझ्यासारखी हाडामांसाची. दोघांचं प्रेम जमतं आणि मुलगी जेवायचं विसरून वाचत बसते. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "हे काय भलतंच वाचते ही?"

पण या गोष्टी कालपरवाच्या नाहीत. त्यांना मोठा इतिहास आहे, आणि त्यात बायकांचा वाटा फार आहे. तोच आज सांगणार आहे. ऐकताना एक प्रश्न मनात ठेवा: हा नायक बाईच्या आयुष्यात शिरण्याआधी तिला विचारतो का?

सुरुवात करू दुसऱ्या शतकापासून. रोमन साम्राज्यात, आजच्या अल्जीरियाच्या भागात, अपुलेयस नावाचा लेखक होऊन गेला. त्याच्या पुस्तकात दरोडेखोर एका मुलीला ऐन लग्नाच्या दिवशी पळवून नेतात. गुहेत ती रडत बसलेली असते. तिथे दरोडेखोरांचं रांधणारी एक म्हातारी असते. ती मुलीला धीर यावा म्हणून गोष्ट सांगते. सायकी नावाच्या राजकन्येचा नवरा फक्त काळोखात येतो. माझं तोंड पाहायचं नाही, अशी त्याची अट. बहिणी सायकीला भरवतात की तो मोठा साप आहे, तुला गिळून टाकेल. एका रात्री ती दिवा घेऊन पाहते, तर तो साक्षात प्रेमाचा देव! पण दिव्यातलं गरम तेल त्याच्या खांद्यावर सांडतं आणि तो उडून जातो. मग त्याला परत मिळवायला सायकीला किती कष्ट पडतात, त्याची ही कथा. म्हणजे अलौकिक नवऱ्याची ही जुनी गोष्ट पुस्तकात येते तीच मुळी एका बाईने दुसऱ्या घाबरलेल्या बाईला सांगितलेली गोष्ट म्हणून.

पुढे फ्रान्समध्ये 1740 साली मादाम द व्हिलनव्ह या बाईंनी एका सुंदर मुलीची आणि पशूची गोष्ट लिहिली. 1756 साली मादाम द बोमाँ यांनी ती लहान करून मुलींसाठीच्या पुस्तकात छापली. बोमाँबाई तेव्हा लंडनमध्ये श्रीमंतांच्या मुलींना शिकवत. या मुलींची लग्नं घरची मोठी माणसं ठरवत आणि नवरा कसा निघेल हे मुलीला ठाऊक नसे. गोष्टीतली मुलगीही बापाचा जीव वाचवायला पशूच्या वाड्यात जाते. पशू अक्राळविक्राळ आहे, वाडा त्याचा, सत्ता त्याची. तरी तो रोज रात्री जेवणाच्या वेळी तिला विचारतो, माझ्याशी लग्न करशील का? ती रोज नाही म्हणते. तो सुस्कारा सोडून निघून जातो. बळजबरी करत नाही. ज्यांना लग्नाआधी कुणी काही विचारलं नव्हतं, अशा बायकांच्या काळात हा विचारणारा पशू जन्माला आला.

पुरुषांच्या लेखणीतून मात्र वेगळाच नायक उतरला. 1815 साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. त्याची राख आकाशात इतकी पसरली की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. नुसता पाऊस आणि थंडी. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी कवी बायरनच्या बंगल्यात काही मंडळी त्या पावसात अडकली. वेळ घालवायला प्रत्येकाने भुताची गोष्ट लिहायची असं ठरलं. त्यांतल्या अठरा वर्षांच्या मेरीने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतली, ती 1818 साली छापली गेली. बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याने व्हॅम्पायरची गोष्ट लिहिली, ती आली 1819 साली.

त्याआधी पूर्व युरोपातल्या खेड्यांतला व्हॅम्पायर म्हणजे थडग्यातून उठणारं सुजलेलं मढं. पोलिडोरीने त्याला सरदार केलं, उंची कपडे घातले, मोठ्या घरच्या मेजवान्यांत आणून बसवलं. हा सरदार गोड बोलून एका तरुणीशी लग्न करतो आणि लग्नाच्या रात्रीच तिचा जीव घेतो. तिच्या भावाला सगळं ठाऊक असतं, पण तो शपथेत अडकलेला. हा नायक विचारत नाही, फसवतो.

1897 साली ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आली. तिच्यात एक नियम आहे. घरातल्या कुणीतरी 'ये' म्हटल्याशिवाय ड्रॅक्युलाला पहिल्यांदा घरात शिरता येत नाही. मात्र एकदा बोलावलं की तो पुढे हवं तेव्हा येऊ शकतो. म्हणजे होकार एकदाच, आणि तो मागे घ्यायची सोय नाही. याच कादंबरीत मीना नावाची बाई आहे. तिला टायपिंग येतं. सगळ्यांच्या डायऱ्या आणि पत्रं टाइप करून, नीट लावून, ती ड्रॅक्युलाला पकडायला लागणारी माहिती उभी करते. तरी आपल्या लक्षात राहतो ड्रॅक्युलाच.

या सगळ्या काळात बायकांनी कादंबऱ्या वाचाव्यात का, यावरही वाद चालू होता. इंग्लंडमध्ये वर्गणी भरून पुस्तकं नेता येतील अशी वाचनालयं निघाली, तिथे बायकांची गर्दी होऊ लागली. लगेच ओरड झाली की कादंबऱ्यांनी बायका बिघडतात. पण त्याच वाचक बायकांमुळे लेखिका उभ्या राहिल्या. ॲन रॅडक्लिफ यांना 1794 सालच्या एका रहस्यमय कादंबरीचे 500 पौंड मिळाले, तेव्हा ही फार मोठी रक्कम होती. आपल्याकडे तर बाईने हातात पुस्तक धरणं हाच गुन्हा होता. शिकते म्हणून घरातल्याच बायका कसं बोलायच्या, ते रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. म्हणून 'हे काय वाचते' हा टोमणा ऐकला की मला त्या सगळ्या जणी आठवतात.

विसाव्या शतकाच्या शेवटी ही लेखणी बायकांच्या हाती पुरती आली. अमेरिकेत 1976 साली ॲन राइस यांच्या कादंबरीत व्हॅम्पायर स्वतःचं दुःख स्वतः सांगू लागला. मग 2001 साली शार्लेन हॅरिस यांची कादंबरीमाला सुरू झाली. तिची नायिका लुइझियाना राज्यातल्या छोट्या गावात बारमध्ये वाढपीण आहे. तिला लोकांच्या मनातलं ऐकू येतं, आणि गिऱ्हाइकांच्या मनातलं ऐकून ती विटून गेली आहे. व्हॅम्पायरच्या मनातलं मात्र तिला काहीच ऐकू येत नाही. म्हणून त्याच्याजवळ तिला शांत वाटतं. दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या बाईला यातलं सुख वेगळं समजावून सांगायला नको.

हॅरिसबाईंनी उंबरठ्याचा तो जुना नियमही पुढे नेला. त्यांच्या गोष्टींत बाई दिलेलं आमंत्रण परत घेऊ शकते. तिने तसं म्हटलं की व्हॅम्पायर कितीही ताकदवान असो, त्याला उलट पावली दाराबाहेर जावं लागतं. काल हो म्हटलं होतं, आज नाही म्हणते. शंभर वर्षांत एवढा बदल झाला.

2005 साली 'ट्वायलाइट' आली. लेखिका स्टेफनी मेयर या तीन मुलांची आई, घर सांभाळणाऱ्या. एका रात्री पडलेल्या स्वप्नावरून त्यांनी ही कादंबरी लिहिली. या मालेच्या दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. तिचा नायक एडवर्ड नायिकेच्या रक्ताची ओढ दाबून धरतो, हे वाचकांना आवडलं. पण हाच एडवर्ड रात्री तिला न विचारता खोलीत शिरून तिला झोपलेली पाहत बसतो. यावर वाचणाऱ्या बायकांमध्येच मोठा वाद झाला. हे प्रेम की पाळत? त्यानंतर सारा मास यांची 2015 पासूनची परीलोकाची कादंबरीमाला आली, 2023 पासून रेबेका यारोस यांची ड्रॅगनवर स्वार होणाऱ्यांची आली. वाद अजून चालूच आहे, आणि तो चालू राहणं चांगलंच आहे.

अशा गोष्टींची गोडी का लागते? नायकाकडे जगातली सगळी ताकद असते आणि तरी तो एका साध्या बाईपुढे थांबतो, हे एक. आणि भीती वाटली तर पुस्तक मिटता येतं, हे दुसरं. गोष्टीतली भीती आपल्या हातात असते.

खऱ्या आयुष्यात तसं नसतं. नको म्हटल्यावरही मुलीच्या मागे फिरणारा, पुन्हा पुन्हा फोन करणारा, तिच्या मोबाईलवर नजर ठेवणारा हा नायक नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली तो गुन्हा आहे. महिला हेल्पलाइन 181 आणि पोलिसांचा 112, हे दोन नंबर बचत गटातल्या प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये असू द्या.

आपल्या महाभारतातली दमयंती तर तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नलाचंच रूप घेऊन उभे राहिले. देवांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, पाय जमिनीला लागत नव्हते. नलाच्या अंगावर घाम होता, धूळ होती, गळ्यातली माळ कोमेजलेली होती. दमयंतीने चौघा देवांना सोडून त्या घामेजलेल्या माणसाला माळ घातली. निवड तिची होती.

तेव्हा घरातली मुलगी असली कादंबरी वाचत असेल तर हिसकावून घेऊ नका. भाकरी थापताना तिला ती गोष्ट सांगायला लावा. गोष्ट रंगात आली की विचारा, "तो आत आला, पण तिला विचारून आला का गं?" आणि तिचं उत्तर नीट ऐका.