छावणीतील चीजवस्तू, सैनिकांच्या (अठरावे शतक)

फौजांच्या तळांवर उत्खननात सापडणारे नित्य वापरातील सामान. लढाईपेक्षा मुक्कामाचे दिवस जास्त. म्हणून मातीत शस्त्रांइतकाच संसार मिळतो : गुंड्या, चिलमींचे तुकडे, चकमकीचे दगड, चुलीजवळची जळकी हाडे. अमेरिकेतील व्हॅली फोर्ज (१७७७–७८) हा विशेष अभ्यासलेला तळ. तिथला सेनापती वॉशिंग्टन याने जुगाराला बंदी केली होती. तरी अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या छावण्यांत बंदुकीची गोळी ठोकून चौकोनी केलेले, टिंबे कोरलेले शिशाचे फासे निघतात! मराठी लष्कराचा मुक्काम राहुट्यांचा, बाजारबुणग्यांसह हलणारा. तोबरे, पखाली, कांबळी कुजतात. टिकतात ते नाल, गोळ्या, शिवराई नाणी. फौजांच्या अशा वाटांपैकी एक खानदेशातली : तिथले चोपडा हे गाव बऱ्हाणपूर–सुरत वाटेवरचे. इंग्रज सेनापती गॉडर्डची फौज फेब्रुवारी १७७९ मध्ये खानदेशातूनच सुरतेस गेली.