ओट्यांची रेघ

आमचं पांढरकवड्याचं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं घर आता पाडायचं ठरलंय. मुलाने नकाशा दाखवला. पुढे उंच कंपाउंड, वर काचा. मी गप्प राहिलो, पण मुंबईचं ओव्हल मैदान आठवलं.

मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर. सगळं गॉथिक दगडी काम. पश्चिमेला समुद्रात भर घालून जमीन केली आणि १९३० च्या दशकात तिथे आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. काँक्रीटच्या, गोलसर सज्जांच्या. त्यांनी समोरच्या कमानींची नक्कल केली नाही. पण उंची साधारण सारखी ठेवली, एका रेघेत उभ्या राहिल्या. म्हणून दोन्ही रांगा एकमेकींना शोभतात. २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्हींना मिळूनच जागतिक वारसा म्हटलं.

आमच्या गल्लीला कोण वारसा म्हणणार? पण रेघ इथेही आहे, ओट्यांची. संध्याकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं बसलेली दिसतात. मध्येच एक भिंत आली की ती रेघ तुटते.

शेवटी मुलाला म्हटलं, "घर सिमेंटचंच बांध, स्लॅब टाक. जुन्याचं सोंग नको. फक्त ओटा रस्त्याकडे राहू दे."

तो म्हणाला, "बाबा, मग गाडी कुठे ठेवू?"

प्रश्न खोटा नाही. नकाशा पुन्हा काढायला दिलाय. बघू या.